वाटीभर रंग

शर्टावर डाग नव्हता.

म्हातारीनं चष्मा वर सरकवला, परत खाली घेतला आणि नवऱ्याच्या छातीपाशी वाकून पाहिलं. पांढरा शर्ट, गळ्यापासून खालपर्यंत कोरा करकरीत. नवरा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होता.

"अहो, फळं खाल्लीत ना?"

"दिलीस कुठं?"

ती चरकली. सकाळी चेरी आणि काळी द्राक्षं कुस्करून वाटी त्याच्या हातात दिल्याचं तिला चांगलं आठवत होतं. की ते कालचं? मोरीत वाट्या पडल्या होत्या, पण त्या कालच्याही असतील. फ्रिजमधला डबा उघडून पाहिला. फळं कमी झाली होती की मुळातच कमी होती, तेही सांगता येईना.

हे फळांचं खूळ लेकीनं आणलेलं. ती दवाखान्यात कामाला. "गडद फळांच्या त्या रंगातच काहीतरी असतं म्हणतात, आई. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याला बरं. काहींना थोडाफार फरक पडतो. पण दिवसाला एकच वाटी हं, बाबांची साखर विसरू नकोस." म्हातारीनं त्यातलं 'थोडाफार' सोडून दिलं आणि रंग तेवढा धरून ठेवला. नवऱ्याबरोबर लाँड्री चालवताना जन्मभर ती फळांच्या डागांशी भांडली होती. मेले जाता जात नाहीत म्हणून त्यांना शिव्या घातल्या होत्या. आता तोच डाग नवऱ्याच्या डोक्यात जाऊन बसावा आणि कशानं म्हणून निघू नये, एवढंच तिला हवं होतं.

नवऱ्याला वाटी तोंडाला लावून तळाचा रस प्यायची खोड. रोज थेंब सांडायचाच. पहिल्यांदा ती करवादली, मग तिच्या लक्षात आलं की हे बरंच आहे. खाल्ल्याचं त्याच्या ध्यानात राहत नसे, पण शर्ट खोटं बोलत नसे. तेव्हापासून संध्याकाळपर्यंत शर्ट बदलायचा नाही असा तिनं नियमच केला. डाग दिसला की वाटी झाली, विषय संपला.

आणि आज डाग नव्हता. म्हणजे विसरली होती ती.

तिचा जीव थाऱ्यावर राहीना. ती गॅलरीत गेली, परत आली, झाकलेलं दूध पुन्हा झाकलं. घरात एक विसरभोळा पुरे होता. आपलंही सुरू झालं तर ह्यांच्याकडे कोण बघणार? आणि आपल्याकडे? तिनं स्वतःची परीक्षा घेतली. नातवाचा वाढदिवस आठवला. धाकट्या जावेचं माहेरचं नाव आठवेना. पण ते तिला पूर्वीही कधी आठवत नसे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

शेवटी तिनं दुसरी वाटी केली. नवरा चवीनं प्यायला. छातीवर टपोरा थेंब पडला, जांभळा होत पसरला. तो बघून तिला जरा बरं वाटलं.

खालून मुलाची हाक आली. लाँड्री आता तोच बघतो. कुणा बाईच्या कोटाचं बटण हरवलं होतं आणि ती कुणाचं ऐकत नव्हती. म्हातारीनं बाईला गोडीत घेतलं, डब्यातलं मिळतंजुळतं बटण काढून लावून दिलं आणि धापा टाकत जिना चढली.

खुर्ची रिकामी होती. आत नळ चालू होता.

ती धावली. नवरा बनियनवर मोरीपाशी उभा होता. शर्ट उलटा करून त्यानं डागाच्या मागून पाण्याची बारीक धार सोडली होती. शेजारी व्हिनेगरची बाटली होती, कोपऱ्यातल्या टेबलावर कोरडं फडकं तयार होतं. इस्त्री उभी ठेवलेली, प्लग काढलेला. म्हातारीनं इस्त्रीजवळ हात नेला. तिनं आज इस्त्रीला हात लावला नव्हता, तरी ती अजून कोमट होती.

मग सगळं तिच्या लक्षात आलं. सकाळीही त्यानं हेच केलं होतं. ती विसरली नव्हती. आधी तिला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. दोन वाट्या झाल्या होत्या पोटात. लेकीला फोन करायला हवा होता, तिची बोलणी खायला हवी होती.

पण ती उंबऱ्यातच थांबली. बटणं लावताना मध्येच अडकणारी ती बोटं आता कुठंच अडकत नव्हती. घासत नव्हती, नुसती दाबत होती, पाणी निथळू देत होती. डाग फिका होत होत दिसेनासा झाला. नवऱ्यानं शर्ट उजेडात धरून पाहिला आणि कॉलर उलटी केली. एकदा, दोनदा.

"ह्याच्यावर खूण नाही घातलेली," तो म्हणाला. "कुणाचा हा?"

"घरचा आहे," म्हातारी म्हणाली.

"मग बाजूला ठेव. आधी गिऱ्हाइकांचे होऊ देत." त्यानं ओला हात तिच्यापुढे केला. "दे पुढचा."

तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. हात तसाच पुढे होता. आता तो खाली येणार, आणि मग नवरा खुर्चीत जाऊन बसणार, खिडकीबाहेर बघत. तिनं टेबलावरची रिकामी वाटी उचलली. तळाशी उरलेल्या रसात बोट बुडवलं, स्वतःच्या बाहीवर ओढलं आणि दंड त्याच्यापुढे धरला.

नवऱ्यानं तिचं मनगट धरून तिला नळापाशी ओढून घेतलं.

"थांब, साबण नको लावूस," तो म्हणाला. "डाग निळा होऊन बसतो."