मोराची मान

मागावर बसून मी पैठणीच्या पदरावर मोराच्या मानेचे धागे मोजत होते. मागून, खाटेवरून आजारी आबांनी हाक मारली, "अगं पोरी..."

मी मागे न बघताच एक बोट वर केलं. ही खूण त्यांचीच. मागावरच्या माणसानं बोट वर केलं की मोजणी चालू आहे, पुन्हा हाक मारायची नाही. लक्ष हललं म्हणून माझे कितीतरी मोर त्यांनी उसवायला लावले होते.

आबांनी पुन्हा हाक मारली नाही.

मान पुरी व्हायला तास गेला. उलटसुलट तपासली, एकही धागा चुकला नव्हता. "आबा, जमला बघा मोर!" म्हणत मी वळले.

पाण्याच्या तांब्याकडे लांबवलेला त्यांचा हात खाटेवरून लोंबत होता. धरला, तर गार.

तांब्या माझ्याजवळ होता.