चावी विसरली, त्यात काय!

“बाबा, पुन्हा चावी विसरलात? परवा गॅसवरचं भांडं जळालं, आज हे. उद्या आपण डॉक्टरांकडे जातोय. दारातून हलू नका, मी येतेच!” लेकीने फोन ठेवला, तशी म्हाताऱ्या चावीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या गावाची कुलपं उघडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ही कालची पोर वेडा ठरवणार? जावई चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, त्याला नेलं का कुणी डॉक्टरांकडे? म्हाताऱ्याने खिशातली वाकडी तार कुलपात सरकवली आणि कान लावला. हात जराही थरथरला नाही. खट्ट! “घ्या! म्हणे डोकं गेलंय!” तोऱ्यात त्याने दार ढकललं. समोरच्या भिंतीवर अनोळखी नवराबायकोचा फोटो होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबली, लेकीची हाक आली, “बाबा, आहात कुठे? मी आपल्या दारात उभी आहे!”