शिरूरचं अंगण

आई-अण्णा काल ऊसतोडीला गेले आणि शिरूरचं घर कुलूपबंद झालं. तिथला कॅमेरा मी बीडहून व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून, बघतो.

आज दुपारी इथल्या फायरवॉलमध्ये कॅमेऱ्यासाठी व्हीलॅन, म्हणजे वेगळं नेटवर्क, टाकताना व्हीपीएन तुटलं. चित्र मात्र चालूच राहिलं. रिकाम्या अंगणात सारवणाचे ओले फराटे आपोआप उमटत होते.

कुणी घुसलंय की काय? मी आईला फोन लावला. तिनं उचलला आणि फराटे थांबले.

"घरचा राऊटर चालू ठेवलाय का गं?"

"न्हाई रं. चोरीला जाईल म्हणून संगं आणलाय. पेटीत हाय."

मग हे येतंय कुठून? मी माझ्या कॉम्प्युटरची नेटची केबलच उपटली. अंगण दिसतच होतं.

"कावून विचारायलास?"

"काय न्हाई."

"मग ठेव. हितं फडावर ऱ्हायची कोपी सारवायलेय, हात शेणाचे हायत."

तिनं फोन ठेवला. फराटे पुन्हा उंबऱ्याकडे सरकू लागले.