हिरवा दिवा

तीस वर्षं वेल्डिंगची टॉर्च कानाशी धरून गॅसचा सूंसूं आवाज ऐकायचा नि मगच सांधा जोडायचा, ही माझी रीत. ग्राइंडरच्या आवाजानं कान गेले. साहेबांनी पाटीवर लिहिलं, “गॅस नसताना जोडलेल्या सांध्याला भोकं पडतात. बाई, उद्यापासून पॅकिंगला बसा.”

मी थेट वेल्डिंगच्या सामानाचं दुकान गाठलं. दुकानदारानं गॅस किती वाहतोय त्याचे आकडे दाखवणारा महागडा सेन्सर पुढे केला, मग भोंगा वाजवणारा.

“भोंगा तुम्हालाच राहू द्या,” मी म्हटलं. गॅस वाहिला की दिवा लागतो, थांबला की विझतो, असा साधा स्विच उचलला.

सकाळी तो टॉर्चच्या गॅसनळीत बसवला. हिरवा दिवा लागला. साहेब घाईनं खडू शोधू लागले.

“लिहा काय लिहायचं ते,” म्हणत मी मास्क खाली ओढला. “सांधा पुरा झाल्यावर वाचीन.”