रिकाम्या खुंट्या

अकोटच्या जिनिंगात मशिनीत कापूस लोटणाऱ्या बायांना अमरावतीहून आलेल्या मॅडमनं कागद वाटले. त्यावर माणसाचं चित्र होतं. दुखतं तिथं फुली मारायची. “मालकाला नावं कळणार नाहीत,” मॅडम म्हणाली. शेवंताबाईनं कागद उलटून पाहिला. मागच्या हंगामात आलेला साहेबही असंच बोलला होता. तेव्हा त्यांच्यातल्या अनसूयेनं खांद्यावर फुली मारली होती. यंदा मालकानं तिला फाटकातूनच परत पाठवलं. “आमाले काईच दुखत नाई,” शेवंताबाईनं सांगून टाकलं. कोरे कागद घेताना मॅडमची नजर भिंतीवर गेली. जेवणाचे डबे टांगायच्या खुंट्या रिकाम्या होत्या, सगळे डबे जमिनीवर. तिनं वही उघडली. “ते मॅडम भिंतीकडे काहून पाहून राहिली? टांगा डबे खुंटीले!” शेवंताबाई कुजबुजली. बाया डबे घेऊन उठल्या. एकीचाही हात खांद्याच्या वर जाईना. शेवंताबाईनं डाव्या हातानं उजवं कोपर रेटलं, तरी खुंटी वीतभर वरच राहिली.