टाचायचा दोरा

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या शिलाईच्या दुकानासमोरच्या आंब्यावर शिंपी पाखरू पानं शिवून घरटं बांधू लागलं. वरच्या फांदीवर ओंबील, म्हणजे तांबड्या मुंग्याही पानं जोडत होत्या.

"शिवण पाखराचीच पक्की," माझे यजमान म्हणाले.

"मुंग्यांची," मी म्हणाले. "लावा पैज. मी जिंकले, तर मशीनवर मी बसणार." तोवर माझ्या वाट्याला फक्त काजं-बटणं होती.

"हरलीस, तर पुन्हा मशीनचं नाव काढायचं नाही."

पाखरू आमच्याच खिडकीतले दोरे उचलायचं. मी तिथे टाचायचा कच्चा दोरा ठेवू लागले. अंडी घालायच्या आधीच वाऱ्याने घरटं उसवलं. मुंग्यांचं पान हललं नाही. यांनी पडलेली पानं उचलून निरखली आणि मुकाट्याने मशीन सोडलं.

पुढे वीस वर्षं मी मशीन चालवलं, यांनी काजं केली. शेवटच्या आजारपणात हे म्हणाले, "अगं, टाचायचा दोरा मला ओळखू येत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी काजं भयंकर होती. गिऱ्हाइकं कुरकुरायची."

हे गेल्या माघी अमावास्येला वारले.