झाकण

रात्री भिजत घातलेला चिकट तांदूळ चंसमोनने उजाडायच्या आत निथळला, बांबूच्या निमुळत्या टोपलीत भरला आणि उकळत्या भांड्याच्या तोंडावर ठेवला. वाफेला भाताचा वास आला, तसा तिने टोपलीला एक हिसका देऊन आतला गोळा उलटा केला. शिजलेला भात लाकडी परातीत ओतून उलथन्याने पसरला, त्यातली वाफ जाऊ दिली. भिक्खूंची रांग आली तेव्हा ती रस्त्याकडेला गुडघे टेकून बसली होती. प्रत्येकाच्या पात्रात तिने चिमूटभर भात घातला. उरलेला भात झाकणाच्या टोपलीत गेला. मुलीबरोबर न्याहारी झाली आणि उठताना चंसमोनने टोपलीचे झाकण घट्ट लावले.

"आई, आता कुणाची ताटातूट व्हायची राहिलीय?" मलायथोंग हसली. जेवणानंतर भाताची टोपली उघडी राहिली की नवरा-बायकोची ताटातूट होते, हे सावन्नखेतमध्ये शेंबडे पोरही जाणते. चंसमोनचा नवरा जाऊन मात्र कैक वर्षे लोटली होती.

"हाताला सवय आहे. हाताला कोण समजावणार?"

"आणि आज खामसुककाकांना काय सांगणार? ठरलं का?"

"ठरलं. आता या वयात नको, असं सांगणार." चुलीपाशी तिने हे वाक्य हळू आवाजात म्हणूनही पाहिले होते.

"मग रेशमी सिन कशाला नेसलीस?"

"खाणावळीत काय फाटकं नेसून जाऊ?"

नदीकाठी वियेंगखामच्या खाणावळीत खामसुक आधीच येऊन बसला होता. जन्मभर मेकाँगवर होडी चालवलेला माणूस. बायकोच्या माघारी एकटाच राहत होता. गेल्या पौर्णिमेला विहाराच्या आवारात त्याने चंसमोनला लग्नाचे विचारले होते, आणि तिने विचार करून सांगते म्हटले होते. आज त्याच्या पायाशी कापडी पिशवी होती. ती नाही म्हणाली, तर दुपारच्या बसने तो पाकसेला मुलाकडे कायमचा जाणार होता.

उत्तराचे त्याने काहीच विचारले नाही. "आधी जेवू," एवढेच म्हणाला आणि मीठ लावून भाजलेला मासा, पुदिना घातलेला मांसाचा लाप आणि बांबूच्या कोंबांचा रस्सा मागवला.

वियेंगखामने दोघांपुढे दोन चिमुकल्या टोपल्या ठेवल्या. "हल्ली अशीच पद्धत आहे, ताई. ज्याचा भात त्याच्यापाशी."

चंसमोनने भाताचा गोळा बोटांनी दाबून मिरचीच्या चटणीत बुडवला. "हिच्यात आंबवलेली मासळी कमी पडलीय."

"कमी?" खामसुक म्हणाला. "मला तर वाटतं, मासळी नुसती दुरून दाखवलीय."

"दोघांचे मिळून दात किती, आणि नखरे किती!" वियेंगखाम गल्ल्यामागून ओरडली.

मग खामसुकने गोष्ट काढली ती एका वऱ्हाडाची. होडी वाळूत रुतली, तेव्हा नवरदेव रेशमी उपरणे सांभाळत गुडघाभर पाण्यात उतरला होता आणि होडी ढकलता ढकलता वधूकडच्यांनाच शिव्या देत होता. चंसमोनला हसताना ठसका लागला. तिने डोळे पुसले, तोवर माशाच्या डोक्यामागचा मऊ तुकडा काटे काढून तिच्या बाजूला येऊन पडला होता. नकाराचे ते वाक्य तिच्या ओठांवर दोनदा आले. एकदा हसू आडवे आले, एकदा मासा.

खामसुकची टोपली आधी संपली. त्याने झाकण उचलून टोपलीवर बसवले, कडेने बोट फिरवून नीट बसले ना ते पाहिले आणि ती बाजूला ठेवली.

"घरीही लावता?" चंसमोनने विचारले.

"रोज. जाणारी तर केव्हाच गेली," तो म्हणाला. "तरी लावतो."

तिने त्याच्या बंद टोपलीकडे पाहिले. मग म्हणाली, "आणखी भात मागवा ना."

"पोट भरलं."

"खोटं." तिने आपली टोपली मधोमध सरकवली. त्यानंतर एकाच टोपलीत दोन हात जात राहिले. तळाशी एकच घास उरला, तेव्हा दोघांनीही हात आखडता घेतला. शेवटी चंसमोनने त्याचे दोन गोळे केले.

रस्त्यावर भोंगा वाजला. "दादा, तुमचा टुकटुकवाला आला हं!" वियेंगखाम म्हणाली. "बस चुकेल."

खामसुक उठला. सवयीने त्याचा हात मधल्या टोपलीच्या झाकणाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"ही तर तुमची टोपली," तो हसत म्हणाला, पण तिच्याकडे न पाहता. "आणि आपण काही नवरा-बायको नाही. राहिली उघडी, तर काय बिघडतंय?"

तो पिशवी घ्यायला वाकला. पिशवीचा बंद बाकाच्या पायात अडकला होता, आणि तो सोडवायला त्याला बराच वेळ लागत होता.

आता चंसमोनला आडवे यायला काहीच नव्हते, हसू नाही की मासा नाही. सकाळी पाठ केलेले वाक्य तिला अक्षरन् अक्षर आठवत होते. तिने झाकण उचलले, टोपलीवर ठेवले आणि तळव्याने चारी बाजूंनी घट्ट दाबले.

खामसुकने मान वर करून पाहिले. बाहेर पुन्हा भोंगा वाजला. तो बाकावर बसला आणि त्याने पायानेच पिशवी आत, पार भिंतीपर्यंत सरकवली.